नर्सी ते घुमान, चाकाच्या खुर्चीवरून

हिंगोली जिल्ह्यात लोखंडाला हात घालणाऱ्यांची वाण नाही. वसमत-हिंगोलीची हळद देशभर जाते. ती शिजवायचे चाकांवरचे कुकर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जॅकने उचलून माल ओतणारे डाले इथल्या वर्कशॉपांत रोज जोडले आणि दुरुस्त केले जातात. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पंधरा दिवस मुलूख फिरता येईल, आतच झोपता, शिजवता आणि आंघोळ करता येईल अशी गाडी बांधायची म्हटली, की वेल्डिंग बाजूला राहतं आणि प्रश्न सुरू होतात. माणूस आत कसा जाणार, कुठे बसणार, कशाला बांधला जाणार, उन्हात काय होणार? आणि सगळ्यात अवघड प्रश्न असा, की अशी गाडी हवीच कशाला?

हे प्रश्न इथे दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. ती अमुक घरातली म्हणून ओळखायला जाऊ नये, त्या दोन भूमिका आहेत. एक वहिनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, माडीवरून पडून पाठीच्या कण्याला इजा झाली, छातीच्या चौथ्या मणक्याखाली संवेदना नाही, हात मात्र भक्कम. दुसरे त्यांचे दीर. उभी हयात एसटीच्या कार्यशाळेत गेली, गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे. वहिनी त्यांना भावजी म्हणतात.

वाद सुरू झाला घुमानवरून. नामदेव महाराजांचं नर्सी हिंगोलीजवळ, कयाधूच्या काठी. तिथला हा संत पंजाबात गेला, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिला, आणि त्याची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही घुमानला भरलं. अलीकडे पंढरपूरहून घुमानला वारकऱ्यांची सायकलयात्रा जाते. हे सगळं सांगून वहिनी म्हणाल्या, "महाराज पायी गेले, वारकरी सायकलवर जातात. मला माझ्या खुर्चीवरून जायचंय. वाशीम, अकोला, बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, आणि तसंच वर. विमानानं अमृतसरला उतरून दर्शन घ्यायचं नाही. वाट बघायचीय मला."

"जाऊ नका असं कोण म्हणतंय?" भावजी म्हणाले. "पण त्यासाठी आख्खी ट्रॅव्हलर घ्यायची, कापायची, बांधायची? वीस लाखांच्या आत बसायचं नाही ते. आणि एवढं करून सोय कुणाची झाली? एकट्या तुमची. मी एसटीत जन्म घातला वहिनी. गाडी म्हणजे सगळ्यांची असावी लागती."

"एसटी मला तिकिटात 75 टक्के सवलत देते. माझ्याबरोबरच्या माणसालाही निम्मं तिकीट. सवलत आहे आणि पायरी चढता येत नाही, मग त्या सवलतीचं मी काय करू?"

भावजींना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. साध्या एसटीचा तळ जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंच असतो. त्याखाली चासी, धुरा, पाटे. शहरात 400 मिलिमीटर उंचीच्या तळाच्या बसगाड्या आल्या, त्यांच्या दाराला उघडता येणारी फळी असते. हिंगोली-सेनगाव रस्त्यावर तसली गाडी घालायची तर आधी रस्ता आणि थांबा दोन्ही सुधारावे लागतील. "तेच तर म्हणतोय मी," भावजी म्हणाले. "पायरी काढायला लावा. भांडा. कायदा तुमच्या बाजूनं आहे."

आहेच. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या 41व्या कलमात बसथांबे, रेल्वे, विमानतळ यांच्या सुगमतेची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्याच कलमात पुढे वाहनांत फेरबदल करून देण्याच्या योजनांचाही उल्लेख आहे, आणि तो फारसा कुणी वाचत नाही. म्हणजे कायदा सार्वजनिक बसही मागतो आणि माणसाच्या स्वतःच्या गाडीलाही मान देतो. वहिनींनी मात्र दुसरंच काढलं. राजीव रतुरी यांनी सुगमतेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली 2005 मध्ये. सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असा निकाल आला 8 नोव्हेंबर 2024 ला. "एकोणीस वर्षं, भावजी. निकाल चांगलाच आहे, मी तो शाळेतल्या पोरींना वाचून दाखवला. पण थांब्याथांब्यावर तो पोहोचेपर्यंत बसून राहायला माझ्याकडं तेवढी वर्षं नाहीत. भांडण चालू ठेवू आणि गाडीही बांधू."

इथे लेखकाचा कल लपवण्यात अर्थ नाही. भावजींचा आग्रह न्यायाचा आहे, पण त्याचा हप्ता वहिनींच्या आयुष्यातून परस्पर कापला जातो. सरकार दिव्यांगांना विजेवर चालणारी फिरत्या दुकानाची वाहनं देतं. योजना चांगली आहे, त्यातून पोट चालतं. पण दिव्यांग माणसानं केवळ हिंडायला बाहेर पडावं, नदी बघावी, परक्या गावात मुक्काम करावा, या इच्छेला आपल्याकडे अजून गरज मानलं जात नाही. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलेल्या मराठी वाचकाला तरी ही इच्छा नवी वाटू नये.

नमुने अगदीच नाहीत असंही नाही. मुंबईत ईझीमूव्हने आणि बंगळूरला किकस्टार्टने खुर्चीसकट माणूस आत घेणाऱ्या टॅक्सी चालवून दाखवल्या. 2015-16 च्या सुमारास 'बियाँड बॅरियर्स' या नावानं मुंबईतले व्हीलचेअर वापरणारे काहीजण गाडीने देशभर फिरून आले. आणि मुळात ही सगळी कारागिरी ज्याच्यापासून सुरू झाली तो अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या विनामॅक या छोट्या गावचा राल्फ ब्रॉन. लहानपणापासून स्नायूंचा आजार. 1963 च्या सुमारास त्यानं स्वतःसाठी बॅटरीवरची तिचाकी बनवली, मग टपालखात्याच्या जुन्या जीपला लिफ्ट लावली आणि 1970 मध्ये डॉज व्हॅनला. पुढे त्याची कंपनी जगभर गेली. आता विनेबेगोसारखा मोठा अमेरिकन कारखाना लिफ्ट लावलेली घरगाडी बनवून विकतो.

"म्हणजे सुरुवात गावातल्या शेडमध्येच झाली," भावजी म्हणाले. त्यांचा विरोध मावळला नव्हता, पण हात शिवशिवायला लागले होते. "बरं. बांधायची तर तळापासून बोलू. गादी-पडदे मागाहून."

"तळाच्या आधी दार," वहिनी म्हणाल्या.

दारावर दोघांचं खरं जुंपलं. भावजींना मागच्या दाराला रॅम्प हवा होता. चेकर्ड पत्र्याची दोन घड्यांची फळी, तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. वहिनींनी पाटी मागवून घेतली आणि शाळेत मांडायच्या तसं गणित मांडलं. तळ जमिनीपासून 65 सेंटीमीटर धरू. इमारतीसाठीचा उतार 1:12, म्हणजे रॅम्प पावणेआठ मीटरचा, गाडीपेक्षा लांब. गाडीसाठी फार तर 1:4 पर्यंत जातात, म्हणजे दोन मीटर साठ. "त्या उतारावर माझं 75 आणि खुर्चीचं 20 असं 95 किलो वर ढकलायचं, तर ढकलणाऱ्याला 23 किलोचा जोर सतत लावावा लागतो. माझी बॅटरीची खुर्ची 100 किलोची. ती धरली तर 42. आणि उतरताना तेवढाच जोर मागं खेचून धरायचा, पावसात, ओल्या पत्र्यावर. भावजी, रॅम्पला दुसरा माणूस लागतो. तो झोपलेला असला तर मी आत अडकले. मला लिफ्ट पाहिजे."

"आणि लिफ्टची मोटार खंडव्याच्या घाटात जळाली तर?"

"तुम्हीच सांगा. ट्रॉलीचा जॅक बसला तर शेतकरी काय करतो?"

भावजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हातपंप मारतो." प्रश्न तिथेच सुटला. व्हीलचेअर लिफ्ट ही मुळात हायड्रॉलिक सिलिंडर, पंप, झडप आणि एक फलाट एवढीच असते. ट्रॉलीवाल्या जिल्ह्याला यातलं काही परकं नाही. अमेरिकेतल्या बसगाड्यांचा निकष सांगतो, की लिफ्टने किमान 600 पौंड, म्हणजे 272 किलो उचलावं आणि फलाट निदान 76 बाय 122 सेंटीमीटरचा असावा. लिफ्टला हातपंप हवाच, आणि तो खुर्चीवरच्या माणसाच्या हाताला पुरेल अशा जागी हवा. बाजारातल्या बऱ्याच लिफ्टचा पंप बाहेर उभ्या माणसासाठी बसवलेला असतो. वहिनींनी हे वाक्य दोनदा म्हटलं आणि भावजींनी कागदावर अधोरेखित केलं.

दार डाव्या बाजूचं ठरलं. मागून उतरायचं तर उतरणारा भर रहदारीत उतरतो, आणि राष्ट्रीय महामार्ग 161 वर हिंगोली-वाशीम पट्ट्यात रात्री थांबून ज्यानं पाहिलंय त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय लिफ्टचं दीडेकशे किलो वजन मागच्या धुऱ्याच्याही पलीकडे टांगलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि सुकाणू सैल लागतं. डाव्या दाराचीही अडचण आहेच. आपल्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या उतरत्या असतात, पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, लिफ्ट टेकली तरी खुर्ची पुढे हलत नाही. त्यावर भावजींनी उपाय दिला दोन जाड रबरी चटयांचा, दाराच्या आतल्या बाजूला अडकवून ठेवायच्या.

दाराची उंचीही मोजावी लागते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून 125 ते 140 सेंटीमीटरवर येतं. पंधरा दिवस रोज चार वेळा मान वाकवून आत शिरणं मणक्याच्या रुग्णाला परवडत नाही. म्हणून उंच छताचीच गाडी. फोर्सची ट्रॅव्हलर भावजींना पसंत होती, कारण ती पुण्याच्या कंपनीची, आणि तिचा क्लचप्लेट-ब्रेकशू तालुक्याच्या गावीही मिळतो. परदेशी बनावटीची गाडी आत कितीही ऐसपैस असली, तरी एखाद्या फाट्यावर ती बंद पडली तर काय, हा त्यांचा सवाल होता आणि वहिनींकडे त्याला उत्तर नव्हतं.

मग आला तळ.

भावजींनी आधी जे सुचवलं ते कुठलाही गॅरेजवाला सुचवेल: 18 मिलिमीटर प्लायवूड, त्यावर व्हिनाइल, प्लायला चार कड्या ठोकायच्या, खुर्ची पट्ट्यांनी आवळायची. वहिनींनी पुन्हा पाटी ओढली. चाकाची खुर्ची गाडीत बांधण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी ताशी 48 किलोमीटरच्या समोरासमोरच्या धडकेची असते, आणि त्या क्षणी खुर्चीवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 20 पट जोर येतो. 100 किलोची खुर्ची तेव्हा दोन टनांनी पुढे ओढते आणि 75 किलोचा माणूस दीड टनाने. "तुमची प्लायवूडची कडी दोन टन धरील?"

"प्लायच वर येईल," भावजी म्हणाले, आणि स्वतःच सुधारलं. ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी, विमानातल्या खुर्च्या बसवतात तसली, गाडीच्या लांबीभर दोन रांगांत. खाली चासीच्या आडव्या पट्ट्यांना आरपार बोल्ट, बोल्टाखाली पसरट लोखंडी पट्टी, म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो. खुर्चीला चार ठिकाणी पट्टे, दोन पुढे, दोन मागे, आणि ते खुर्चीच्या मूळ सांगाड्याला, चाकाला किंवा हातटेक्याला नव्हे. तोंड पुढेच. आडवी बांधलेली खुर्ची धडकेत मोडते. आणि माणसाला वेगळा कमरपट्टा-खांदापट्टा, गाडीच्या अंगाला बांधलेला. खुर्चीचा स्वतःचा पट्टा फक्त घसरू नये म्हणून असतो, अपघातात त्याचा उपयोग नाही. 

तळाची आणखी एक गोष्ट वहिनींनी सांगितली, आणि ती ऐकून भावजी अस्वस्थ झाले. सायलेन्सरची नळी जिथून जाते तिथला पत्रा तापतो. ज्याच्या पायाला संवेदना आहे तो पाय उचलतो. वहिनींना कळत नाही. अर्ध्या तासात तळपायाला फोड येतो, तो दिसतो रात्री, आणि भरायला महिने लागतात. गरम कढई मांडीवर ठेवून नेण्याचंही तेच. म्हणून तळाला उष्णतारोधक थर, पायटेक्याची जागा नळीपासून लांब, गॅसऐवजी इंडक्शन, आणि ओट्यापासून टेबलापर्यंत भांडं सरकवत नेता येईल अशी सलग फळी. ओटा 75 सेंटीमीटर उंच, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. बटणं 40 ते 120 सेंटीमीटरच्या दरम्यान, त्याहून वर काहीही नाही.

"आता संडासाचं," भावजी म्हणाले. "ढाब्यावर सोय असती. गाडीत कशाला घाण?"

दिरासमोर बोलायचा हा विषय नव्हे. वहिनी बोलल्या. पाठीच्या कण्याची इजा असलेल्या बऱ्याच माणसांना लघवी आपोआप होत नाही, दिवसातून चार-सहा वेळा नळीने काढावी लागते. त्यासाठी स्वच्छ पाणी, साबण, उजेड आणि बंद दार लागतं. खुर्चीची रुंदी 65 सेंटीमीटर, ढाब्यावरच्या संडासाचं दार त्याहून अरुंद, आत भारतीय भांडं आणि वर पायरी. "मग बाई काय करते? सकाळपासून पाणी पीत नाही. माझ्यासारखीनं पाणी तोडलं की आठवड्यात ताप, जंतुसंसर्ग, पुढं मूत्रपिंड. भावजी, तुमच्या गाडीत पलंग नसला तरी मी जाईन. संडास नसला तर नाही जाणार."

भावजींनी मग जास्त काही विचारलं नाही. मागच्या कोपऱ्यात उंबरा नसलेली ओली जागा, तळ किंचित उतरता, खुर्ची सरळ आत जाईल अशी. पेटीचा संडास, खालची टाकी सुटी काढून घरच्या संडासात रिकामी करता येणारी. तिच्यात जंतुनाशक रसायन ओतायचं नाही, कारण गावाकडच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू त्यानं मरतात. 80 लिटर चांगलं पाणी, साठेक लिटर वापरलेलं. पलंगाची उंची खुर्चीच्या गादीइतकी, मध्ये सरकायची फळी. पलंग लांबीच्या दिशेनं, कारण आडवा घातला तर गाडीच्या रुंदीत माणूस मावतो, पण खुर्ची शेजारी लावायला जागा उरत नाही. आत गोल फिरायला दीड मीटर व्यास लागतो आणि तो मिळणार नाही. म्हणून दारातून आत, थोडं तिरपं, आणि पुढे तोंड करून थेट पट्ट्यावर, असा एकच सरळ मार्ग मोकळा ठेवला.

विजेवर दोघंही चुकता चुकता एका जागी आले. वहिनींना एसी हवा होता आणि भावजींना ते चैनीचं वाटत होतं. पण छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली की शरीर घाम गाळून स्वतःला थंड करू शकत नाही, इजेच्या खाली घामच येत नाही. मराठवाड्याचा मे महिना 42 अंशांच्या पुढे जातो. बंद पत्र्याच्या गाडीत अशा माणसाला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही. "म्हणजे एसी हे औषध झालं," भावजी म्हणाले, आणि मग त्यांनी हिशेब घातला. 12 व्होल्ट, 200 ॲम्पियर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो. अडीच तासांत बॅटरी रिकामी, आणि सकाळी खुर्ची चार्ज करायला युनिटभर हवंच, नाहीतर वहिनी जागेवरून हलणार नाहीत. छपरावर 400 वॉटचं सोलर बसवलं तर चांगल्या उन्हात दिवसाला दीडेक युनिट मिळेल. रात्रभराचा एसी यातून निघत नाही.

तोडगा थर लावून काढला. छत पांढरं, पत्र्याच्या आत चिकटवलेला रबरी फोम, खिडक्यांना बाहेरून झाकण. कोरड्या उन्हाळ्यात 12 व्होल्टचा कूलर, रात्रभराचं अर्धं-पाऊण युनिट. पण पावसाळी दमट हवेत कूलर कामाचा नाही. चालत्या गाडीत इंजिनावरचा एसी. मुक्कामाला जिथे वीज मिळेल तिथे लांब वायर. आणि प्रवास कार्तिकीनंतर, नोव्हेंबरात. त्यातही घाई हवी, कारण डिसेंबर-जानेवारीत पंजाबची थंडी याच शरीराला उन्हाइतकीच झोंबते, आणि बधिर पायांना हीटरचा शेक तर सायलेन्सरइतकाच वाईट. दर दोन तासांनी थांबून पाठ टेकायची. बसल्या जागीही पाव-अर्ध्या तासाला हातावर अंग उचलायचं किंवा बाजूला झुकायचं, नाहीतर दाबाच्या जखमा होतात. दिवसाला 200 किलोमीटरहून जास्त जायचं नाही, असं वहिनींनीच ठरवलं.

"आता माझं ऐका," भावजी म्हणाले. "कटर चालवायच्या आधी कागद."

यात त्यांचा अनुभव वहिनींपेक्षा मोठा होता आणि त्यांनी तो सोडला नाही. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं: कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात बदल केलेली गाडी नोंदता येणार नाही. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीत 'अडॅप्टेड व्हेइकल' ही व्याख्या आली. दिव्यांग माणसासाठी खास बनवलेलं किंवा बदललेलं, आणि केवळ त्याच्याकडून वा त्याच्यासाठी वापरलं जाणारं वाहन. ऑक्टोबर 2020 पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा रकानाही आहे. म्हणजे हिंगोलीच्या, एमएच-38 च्या आरटीओ कार्यालयात आधी नकाशा, वजनाचा तक्ता आणि लिफ्टचे कागद द्यायचे, मंजुरी घ्यायची, मग पत्रा कापायचा. घरगाड्यांना एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. तपासणी संस्थाही लांब नाहीत, पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी. काम झाल्यावर आसनसंख्या आरसीवर बदलून घ्यायची आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. ते न केलेल्या गाडीला अपघात झाला तर दावा तिथेच अडकतो.

"सवलत?" वहिनींनी विचारलं. दिव्यांगांना गाडीच्या करात मिळणारी सवलत मुळात लहान गाड्यांच्या लांबीला आणि इंजिनाला बांधून आखली होती. खुर्चीसकट माणूस ज्यात मावतो ती गाडी तिच्या मापातच बसत नव्हती. ज्याला सगळ्यात मोठी गाडी लागते तो सवलतीबाहेर, ही चूक दिल्लीत कुणीतरी दुरुस्त केली पाहिजे.

2021 मध्ये महाराष्ट्रानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घरगाड्या आणि त्यांना उभं राहायला पाणी-विजेच्या सोयीचे पार्क, अशी त्याची कल्पना. कोकण-सह्याद्रीकडे पाहून लिहिल्यासारखं ते वाटतं. औंढा, नर्सी, सिद्धेश्वरचं धरण, आणि थोडं पुढे जाऊन लोणार, असा एक पट्टा मराठवाडा-विदर्भाच्या या सीमेवरही आहे. एखाद्या मंदिराच्या वाहनतळावर एक सपाट काँक्रीटची जागा, एक नळ, एक सॉकेट आणि सेप्टिक टाकीचं एक झाकण, एवढं केलं तरी अशी गाडी तिथे रात्र काढू शकते.

औंढ्यावरून मात्र वाद पुन्हा पेटला. नागनाथाचं ज्योतिर्लिंग गाभाऱ्याखालच्या भुयारात आहे, अरुंद आणि खड्या पायऱ्या उतरून जावं लागतं. "बघा," भावजी म्हणाले. "वीस लाखांची गाडी दारापर्यंत नेली, आणि आत? पुन्हा दोन पोरांनी उचलून न्यायचं. म्हणून म्हणतो, गाडीनं प्रश्न सुटत नाही. देवळं, दवाखाने, एसटी हे बदलल्याशिवाय तुमची गाडी एक बेट आहे."

"ते भुयार जुनं आहे, फोडा असं मी म्हणणार नाही," वहिनी म्हणाल्या. "वर पडद्यावर दर्शन चालेल मला. पण बसस्टँडची पायरी जुनी नाही भावजी, ती आपल्या डोळ्यांदेखत बांधलीय. गाडी घेऊन मी दहा गावांत उतरले तर दहा गावांतल्या लोकांना पायरी दिसेल. घरात बसलेल्या बाईची अडचण कुणाला दिसते?"

भावजींना हे पटलं असावं, पण त्यांनी कबूल केलं नाही. त्यांनी वेगळीच अट घातली. पलंग, ओटा, कपाट सगळं त्याच खाचेच्या पट्टीवर बसवायचं, चार बोल्ट सोडले की तासाभरात बाहेर. घुमानहून परत आल्यावर आतलं सामान काढायचं आणि आठवड्यातून एकदा जिल्ह्यातल्या खुर्चीवरच्या माणसांना नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं. वहिनींना हे मान्य नव्हतं. एक तर कायद्याची व्याख्या 'केवळ त्या व्यक्तीसाठी' म्हणते, आणि भाडं घेतलं तर परवाना लागतो. पण त्यांचा खरा आक्षेप कायद्याचा नव्हता. "माझ्या गाडीची ॲम्ब्युलन्स करू नका. दिव्यांग माणसाकडं काही आलं, की ते लगेच सेवेला लावायचं, हे मला नको. तुमच्या मोटारसायकलवर तुम्ही कुणाला दवाखान्यात नेता का दर आठवड्याला?"

"नेतो की," भावजी म्हणाले. ते खरंच नेत होते. वहिनींनाही ते ठाऊक होतं, आणि तो मुद्दा तसाच राहिला. अडीनडीला शेजाऱ्याला घेऊन जायचं, वार ठरवायचा नाही, इथपर्यंत दोघं आले, त्यापुढे नाही.

आरटीओच्या अर्जाला जोडायचा नकाशा भावजींनी स्वतः काढायला घेतला. लिफ्ट, पट्ट्या, ओली जागा, पलंग. पलंगाच्या उंचीसमोर त्यांनी 50 लिहिलं. वहिनींनी ते खोडायला लावलं. खुर्चीची बैठक 50 असली तरी त्या बसल्या की गादी चार सेंटीमीटर दबते, आणि पलंगाचा फोमही दबणार, तो वेगळा. वरच्या दिशेनं सरकणं दंडांना जड जातं. भावजींनी विचारलं, मग किती लिहू? वहिनी म्हणाल्या, लाकडी चौकटीला आत्ता आकडाच नको, तिथं खालीवर होणारे पाय दाखवा, 40 ते 52.